दीड इंच बर्फ

आमच्या घरात यंत्रं माझी बायको चालवायची आणि पुस्तकं मी सांभाळायचो. ती नागपूरहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आलेली; तिच्या वर्गात दुसरी मुलगी नव्हती. मी ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होतो. एरी सरोवरावरून येणारे ढग हिवाळाभर ज्या पट्ट्यात बर्फ टाकत राहतात, तिथे आम्ही घर घेतलं ते तिच्या हट्टाने. तिला भाजीपाल्यासाठी जमीन हवी होती. जमिनीबरोबर मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंतची तीनशे फुटांची खडीची वाट आली, आणि वाटेमुळे ट्रॅक्टर आला.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे. बागेतला, खुर्चीवर बसून चालवायचा, साधारण मोठ्या टेबलाएवढा. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती असायची. हिवाळ्याआधी ती काढून पुढच्या बाजूला बर्फ उडवायचं यंत्र जोडायचं. त्याला इथे स्नोथ्रोअर म्हणतात. आम्ही घरात फेक्या म्हणायचो. रुंद तोंडाची लोखंडी पेटी, तिच्यात आडवा फिरणारा मळसूत्री दांडा, मागे एक पंखा आणि वर वाकडं नळकांडं. दांडा बर्फ मधोमध ओढतो, पंखा तो नळकांड्यातून वीस-पंचवीस फूट लांब फेकतो. सहा हिवाळे हे सगळं तिने केलं. मी खिडकीतून बघायचो, आणि बऱ्याचदा तेही नाही. मी वाचत असायचो.

मार्चच्या अखेरीस ती गेली. सकाळी ऑफिसला गेली होती, दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. मेंदूत रक्तस्राव. त्याविषयी इथे एवढंच लिहितो.

तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या सप्टेंबरपासून आमच्याकडे होत्या. आल्या होत्या सहा महिन्यांसाठी. लेक गेल्यावर त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही आणि मीही नाही. नातेवाइकांत कुजबुज झाली असणार, की लेक नाही आणि सासू जावयाच्या घरी कशी राहते. आम्हा दोघांना मात्र ते सोयीचं होतं. माझे मित्र माझ्यासमोर तिचा विषय टाळायला लागले होते. घरात तिचं नाव सहज निघायचं ते फक्त सासूबाईंच्या तोंडून, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून किंवा कपाटाचं दार करकरलं म्हणून.

सप्टेंबरात मेव्हण्याचा न्यू जर्सीहून फोन आला. तो बायकोपेक्षा पाच वर्षांनी लहान, कॉम्प्युटरच्या नोकरीत, बोलण्यात अर्धं इंग्रजी.

"भावोजी, प्लीज डोन्ट माइंड. पण विंटरमध्ये आईला तिथे ठेवणं मला सेफ वाटत नाही. तिला अंजायना आहे. डॉक्टरने क्लिअर सांगितलंय, छातीत दुखलं की वाट बघायची नाही. ड्राइव्हवे ब्लॉक असला तर ॲम्ब्युलन्स येणार कशी?"

"बर्फ ढकलणारा नांगरवाला ट्रक बोलावता येतो," मी म्हणालो.

"तो तुमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो. ताईच सांगायची, दुपारचे दोन वाजतात. ताई होती तोवर मला टेन्शन नव्हतं. तुम्ही म्हणजे, यू नो, तुम्हाला बल्ब बदलायला पण ताई लागायची."

"दोनदाच."

तो हसला, पण मुद्दा सोडला नाही. ठरलं ते असं: ख्रिसमसच्या सुट्टीत तो येणार. तोवर दोन-तीनदा बर्फ पडलेला असणार. वाट मोकळी असली तर आई राहील. नसली तर तिला घेऊनच तो परत जाईल.

सासूबाई पलीकडे बसून वाती वळत होत्या. मी सगळं सांगितलं.

"मी काय पार्सल आहे का?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तिचं वर्ष तिच्या घरात करायचंय मला. ते झालं की नेईल तिथे जाईन. आत्ता त्याच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर भिंतींशी बोलू का? दोघं सकाळी जातात ते रात्रीच येतात."

"मग मला फेक्या शिकायला हवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिका," म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा ठोंब्या माणसांनी संसार केलेत."

फेक्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका मी तीन संध्याकाळी वाचली, पेन्सिल हातात घेऊन. ती चांगली लिहिलेली होती. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची बोटं शाबूत राहावीत असं मनापासून वाटत होतं, हे प्रत्येक पानावर कळायचं. यंत्र सुरू असताना नळकांड्यात हात घालू नये, हे वाक्य चार ठिकाणी होतं, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत. मला त्या अनाम लेखकाविषयी आदर वाटू लागला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गॅरेजचं दार पूर्ण उघडून कामाला लागलो. सासूबाई शाल पांघरून घडीच्या खुर्चीवर बसल्या. पायांत लोकरी मोजे, मोज्यांवर स्लिपर. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आदल्या वर्षी लेक हेच काम करत असताना त्या याच खुर्चीत बसल्या होत्या, आणि नंतर हिवाळाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघत होत्या. त्यांनी बघितलेली गोष्ट त्या विसरत नसत.

मी पेटीला हात घातला आणि ट्रॅक्टरकडे ओढायला लागलो. ती माझ्याहून जड होती. चार इंच सरकली, मग रुसली.

"ओढताय काय?"

"जोडायचीय ना."

"ती नव्हती ओढत. म्हैस गोठ्याकडे जाते, गोठा म्हशीकडे येत नाही."

पुस्तिकेतही तेच होतं: पेटी सपाट जमिनीवर ठेवा आणि ट्रॅक्टर हळूहळू तिच्यात घाला. मी ते वाचलं होतं, पण वाचलेलं हातात उतरायला वेळ लागतो. ट्रॅक्टर सुरू करून इंचाइंचाने पुढे नेला. पुढचे दोन आकडे पेटीच्या खोबणीत बसले तेव्हा खट् असा आवाज झाला.

"हां, हाच आवाज," सासूबाई म्हणाल्या.

मी उत्साहाने खाली उतरून पुढे वाकलो.

"किल्ली कुठाय?"

"ट्रॅक्टरला."

"काढा. ती आधी ब्रेक लावायची, मग किल्ली काढून खिशात टाकायची, मग पुढची ती जाड काळी वायर उपटायची. त्यानंतर हातातल्या बांगड्या आणि गळ्यातलं काढून त्या डब्यात ठेवायची. मी म्हणायचे, अगं, मंगळसूत्र कशाला काढतेस? तर म्हणायची, आई, पट्ट्यात अडकलं तर मंगळसूत्रही जाईल आणि मानही."

मी ब्रेक लावला, किल्ली खिशात टाकली, प्लगची वायर काढून बाजूला अडकवली. गळ्यात मफलर होता, तोही काढला. डबा फळीवर होता, बिस्किटांचा, झाकणावर गुलाबाचं चित्र. तो उघडला नाही. मफलर त्याच्यावर ठेवला.

पट्टा बसवताना मात्र आम्ही दोघंही चुकलो. इंजिनाची ताकद फेक्याकडे जाते ती एका रबरी पट्ट्यातून, आणि तो पट्टा तीन चाकांवरून नेमक्या वाटेने न्यावा लागतो. त्या वेळी बायको ट्रॅक्टरच्या आड असल्यामुळे सासूबाईंना ते दिसलेलं नव्हतं. पुस्तिकेत आकृती होती. मी तशीच ओवण केली, वायर जोडली, आणि ट्रॅक्टर बाहेर नेऊन खटका ओढला. बंद जागेत इंजिन चालवत ठेवायचं नाही, एवढं मला पुस्तिकेशिवायही माहीत होतं. आधी रबर जळाल्याचा वास आला, मग पट्टा चाकावरून उडाला. सगळं बंद करून, किल्ली काढून, मी पुस्तिका घेऊन पायरीवर बसलो. अर्ध्या तासाने कळलं, की आकृती ट्रॅक्टरच्या समोर उभं राहून काढलेली होती आणि मी ती मागे उभं राहून वाचली होती. डावं उजवं झालं होतं.

"आता समोर जाऊन वाचा," सासूबाई म्हणाल्या.

समोर जाऊन वाचलं. पट्टा बसला.

नंतर मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या, मागे वजन अडकवलं, गिअरच्या डबीतलं तेल बघितलं, जिथे जिथे पुस्तिकेने ग्रीस म्हटलं होतं तिथे ग्रीस भरलं. शेवटी पेटीच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी तळवे राहिले. फेक्या जमिनीवर टेकतो तो या तळव्यांवर. ते वर-खाली करून पेटीची धार जमिनीपासून किती उंच राहील ते ठरवता येतं. सिमेंटची वाट असली तर धार जवळजवळ टेकवावी, खडीची असली तर दीड इंच उंच ठेवावी, असं लिहिलं होतं. तळवे होते तसेच होते, बायकोने बसवलेले. मी पट्टी लावून मोजलं. दीड इंच. त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि पुस्तिका मिटली.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या मध्याला पडला, आठ इंच, कोरडा. कॉलेजला जाण्याआधी दीड तास मिळाला होता. इंजिन पुरत्या वेगाने, ट्रॅक्टर मात्र गोगलगायीसारखा. वारा पाठीशी, नळकांडं वाऱ्याच्या दिशेने. बर्फाचा कमान करून जाणारा पांढरा फवारा पहिल्यांदा माझ्या हातून उडाला तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. मला ते चोरी केल्यासारखं वाटलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सुरू करून पूर्ण करत होतो.

वाटेच्या टोकाला खाडकन आवाज झाला आणि दांडा फिरायचा थांबला. ब्रेक, किल्ली, सगळं हलायचं थांबेपर्यंत थांबणं, मग उतरणं. रविवारचा जाडजूड पेपर बर्फाखाली दगडासारखा गोठून पडला होता, तो दांड्यात अडकला होता. माझ्यासारख्याच्या वाटेत दुसरं काय अडकणार? दांड्यावरचा एक बोल्ट तुटला होता.

संध्याकाळी नवा बोल्ट आणला. सासूबाईंनी तो तळहातावर घेऊन बघितला.

"हा पण तसलाच दिसतोय. एकदाच मजबूत घाला की."

"हा मुद्दाम मऊ असतो, आई. काही अडकलं की हा तुटतो, म्हणजे आतले गिअर वाचतात. मजबूत घातला तर हा राहील आणि गिअर जातील."

त्यांनी बोल्ट परत दिला. "घरात एक माणूस असं असतंच," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

मेव्हणा यायच्या दिवसापर्यंत मी चारदा वाट साफ केली होती. हात बसला होता. एकच गोष्ट सासूबाईंना पटत नव्हती. धार दीड इंच वर असल्यामुळे वाटेवर दीड इंचाचा थर राहायचा. गाडीच्या चाकांनी तो दाबला जायचा, करडा व्हायचा.

"हे झाडलंय की नुसतं लोळवलंय?" त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या. "उद्या तो येणार. त्याला वाटेल जावयाला अर्धंच काम येतं. आमच्या दारात पाहुणा यायचा म्हणजे अंगण असं असायचं, सुई पडली तर दिसावी."

खरं सांगायचं तर मलाही तो थर सलत होता. मी ज्या घरात वाढलो तिथे अंगण झाडल्याशिवाय कुणाला चहा मिळायचा नाही. पाहुणा येताना अंगण अर्धं झाडलेलं ठेवणं म्हणजे पाहुण्याला यायचं तर ये म्हणण्यासारखं. आणि उद्या येणारा पाहुणा नव्हता, परीक्षक होता. मी गॅरेजमध्ये गेलो, पाना घेतला, तळवे वर सरकवून धार जवळजवळ जमिनीला टेकवली. पुस्तिका फळीवरच होती. ते वाक्य मला पाठ होतं.

सकाळी पाच इंच पडला होता. सुरुवातीला फारच सुरेख झालं. मागे वळून बघितलं तर काळी ओली खडी दिसत होती, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. खडखड आवाज येत होता, तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. घराजवळ वाट वळते. तिथे नळकांडं फिरवून घ्यायला हवं होतं, ते सफाईच्या नादात राहिलं. क्षणभर त्याचं तोंड घराकडे होतं.

काच फुटल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला.

मी किल्ली काढली आणि धावलो. हिवाळ्यासाठी बाहेरून लावलेल्या काचेचा चुरा झाला होता. आतल्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेला होता, पण ती उभी होती. तिच्यामागे, एका हाताच्या अंतरावर, सासूबाई खुर्चीत बसलेल्या. कप आडवा, चहा टेबलावरून ओघळत होता. खिडकीच्या चौकटीत सुपारीएवढा खडा पडला होता.

"लागलं का?"

"नाही."

"छातीत?"

"नाही म्हटलं ना. बसा तुम्ही. तुमचंच तोंड पांढरं पडलंय."

मी बसलो. बराच वेळ त्या टेबल पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी हेच मी तिला बोलले होते. अंगण स्वच्छ कर म्हणून. दोनदा बोलले. ती हसली. म्हणाली, आई, हे शेणाने सारवायचं अंगण नाही, खाली खडी आहे, उडून कुणाचा तरी डोळा जाईल."

मी चौकटीतला खडा उचलून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला मी तिचं सगळं सांगितलं. किल्लीचं, वायरचं, बांगड्यांचं. एवढं एक नाही सांगितलं. विसरले नव्हते. त्यात तिने माझं ऐकलं नव्हतं, म्हणून मला ते सांगावंसं वाटलं नाही." फडकं त्यांनी घडी करून टेबलावर ठेवलं. "बरोबर होती पोर."

"मी वाचलं होतं, आई. खाली रेघ ओढली होती. चूक माझी आहे."

"तुमची आहेच," त्या म्हणाल्या. "माझी वेगळी."

मग आम्ही पुठ्ठा शोधून खिडकीला लावला. पुठ्ठा चिकटवताना त्यांच्या डोक्यात दुसरं सुरू झालं.

"त्याला सांगू या, फांदी पडली."

"त्या बाजूला झाड नाही."

"मग पक्षी धडकला."

"केवढा पक्षी?"

"इथे सगळं मोठंच असतं."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण मी म्हणालो, की मी त्याला खरं सांगणार आहे. तो तुम्हाला न्यायचं ठरवेल तर खरं ऐकून ठरवू दे. त्या पुठ्ठ्याचा कोपरा दाबत राहिल्या. "सांगा," म्हणाल्या.

दुपारी मी तळवे पुन्हा खाली आणले. धारेखाली दीड इंच जाडीची फळी ठेवली, दोन्ही तळवे जमिनीला टेकू दिले, आणि नट आवळले. एका बाजूला फळी पुरत नव्हती. हाताशी नेमक्या जाडीचा एक शब्दकोश होता, पण पुस्तक लोखंडाखाली घालायला हात धजेना. दुसरी फळी कापली.

मेव्हणा संध्याकाळी आला. आठ-नऊ तास गाडी चालवून थकलेला, हातात मोठी रिकामी सुटकेस. बूट काढायच्या आत त्याला पुठ्ठा दिसला. मी काय घडलं ते सांगितलं. तळवे मी कसे आणि का सरकवले, नळकांडं कुठे होतं, सासूबाई कुठे बसल्या होत्या. तो ऐकत असताना त्याची मान लाल होत गेली.

"भावोजी, आई काचेच्या मागे बसली होती?"

"हो."

"दिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉज सेइंग! आई, पॅक कर. उद्या निघू."

"आधी जेव," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"ओरडू नकोस. भूक लागली की तू लहानपणापासून असाच ओरडतोस."

जेवणानंतर मी त्याला एवढंच म्हणालो, की रात्री बर्फ पडणार असं रेडिओ सांगतोय. सकाळी मी काम करताना बघ, मग ठरव. मी विनवणी केली नाही. त्याला ते नवीन असावं, कारण तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि "ओके" म्हणाला.

सकाळी ओला, जड बर्फ होता, फेक्याला सगळ्यात अवघड. मी सासूबाईंना घराच्या मागच्या खोलीत बसायला सांगितलं आणि मेव्हण्याला माझ्या मागे, नळकांड्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहायला. ओल्या बर्फात ट्रॅक्टर आणखी हळू न्यावा लागतो, आणि पेटीच्या पूर्ण रुंदीऐवजी अर्ध्या रुंदीचाच घास घ्यावा लागतो. वळणावर थांबून नळकांडं फिरवलं. अर्धी वाट झाल्यावर तो म्हणाला, "मी ट्राय करू?"

मी त्याला खुर्ची दिली. त्याने घाई केली. वीस फुटांत नळकांडं बर्फाने गच्च भरलं आणि फवारा थांबला. त्याने दांडा फिरवायचा खटका बंद केला, इंजिन तसंच ठेवून खाली उडी मारली आणि हातमोजा घातलेला हात नळकांड्याकडे नेला.

"थांब!"

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने क्वचितच ओरडलो असेन. तो जागीच उभा राहिला.

"आधी किल्ली."

"भावोजी, बंद केलंय मी. टू सेकंदांचं काम आहे."

"बोटं जायलाही तेवढंच लागतं. पट्टा अजून ताणलेला असू शकतो. किल्ली काढ, माझ्या हातात दे."

त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली. सगळं थांबल्यावर मी झाडूच्या दांड्याने नळकांडं मोकळं केलं. मग किल्ली त्याला परत दिली आणि म्हणालो, "आता कर. हळू."

उरलेली वाट त्याने पूर्ण केली, हळू. झाल्यावर तो तीनशे फूट चालत रस्त्यापर्यंत गेला, चालत परत आला. मध्ये एकदा बुटाच्या टाचेने थर उकरून बघितला.

"हा लेअर राहणारच?"

"राहणार."

"ताई पण ठेवायची?"

"ठेवायची," दारातून आवाज आला. सासूबाई मागच्या खोलीतून कधीच बाहेर आल्या होत्या. "मी तिला बोलायचे त्यावरून. आता आत या दोघं, उपमा गार होतोय."

उपमा मेव्हण्याने दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर म्हणाला, "मार्चपर्यंत ना, आई? वर्षश्राद्ध होईपर्यंत?"

"तेवढंच म्हणतेय मी सप्टेंबरपासून. आणि मार्चमध्ये येताना तुमच्याकडच्या आयसेलिनच्या त्या नव्या दुकानातून काळे तीळ आण. इथे मिळतात त्यांना वास येतो."

दोन दिवसांनी तो गेला. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला, जो त्याने आमच्या लग्नानंतर कधी मिळवला नव्हता, आणि मला म्हणाला, की एक जादा बोल्ट गाडीत पण ठेवा. मी ठेवला. नंतर गॅरेजमध्ये जाऊन फेक्या पुसला, ग्रीस भरलं, पट्ट्याचा ताण बघितला. वापरानंतर फेक्या दोन मिनिटं रिकामा फिरवून आतला बर्फ उडवून टाकायचा, नाहीतर पंख्याच्या पात्यांवर गोठून बसतो, ही सवय मी अजून मोडलेली नाही.

फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. जिभेखालची गोळी घेऊन पाच मिनिटं झाली तरी थांबेना. मी फोन केला. आदल्या संध्याकाळपासून चौदा इंच पडला होता, म्हणून कॉलेज बंद होतं; सात वाजता मी वाट मोकळी केलेली होती. ॲम्ब्युलन्स रस्त्यावरून वळली आणि न थांबता, न घसरता थेट पायरीपर्यंत आली. दोघा जणांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. मी बाजूने चालत होतो, त्यांचा हात धरून. त्यांनी दुसऱ्या हाताने मुखवटा जरा उचलला. मला वाटलं काही निरोप असेल.

"त्या डाव्या कडेला थोडा राहिलाय," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्यांना घरी आणलं. कडेचा राहिलेला मी तोवर काढून ठेवला होता, फावड्याने.